पुसलेलं उत्तर

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं तोंड भिंतीकडे आहे. मस्ती केलेल्या पोराला वर्गात उभं करतात, तसं मला जिन्याखाली उभं करून ठेवलं आहे. एका बाजूला पाय मोडलेली खुर्ची, दुसऱ्या बाजूला रंगाचे रिकामे डबे आणि समोर ओल आलेली भिंत. माझ्याशी बोलायला इथे कुणी येत नाही. म्हणून आज तुम्हाला गाठलं आहे. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शाळेतला काळा फळा तुम्हाला माहीत असेल. मी त्याचाच भाऊबंद, पण ऑफिसातला. एका मोठ्या कारखान्यात पोलादी पत्र्यावर पांढरा लेप देऊन मला भट्टीत भाजलं. भोवती ॲल्युमिनियमची चौकट बसवली आणि पायाशी मार्कर ठेवायला एक पट्टी लावली. तपासणीवर बसलेल्या बाईने माझ्यावर एक निळी रेघ ओढली, फडक्याने पुसली, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "हा चांगला आहे." मला फार बरं वाटलं. कौतुक कशाचं झालं, ते तेव्हा कळलं नव्हतं.

तिथून मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कंपनीत आलो. कंपनी कसली, एका खोलीत मावतील एवढी माणसं. मालकाला सगळे साहेब म्हणत, पण तेव्हा ते नावापुरतेच साहेब होते. स्वतः टेबलावर चढून त्यांनी भिंतीला भोकं पाडली आणि मला चक्क तिरका लावला. "साहेब, फळा कलंडलाय," असं म्हणून जे खोखो हसले ते काका. काकांचं वय काही फार नव्हतं. केस लवकर पिकले म्हणून नाव पडलं, इतकंच. साहेब मार्करचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहीत. काकांचं अक्षर हलकं, मला गुदगुल्या करणारं. दोघं माझ्यासमोर उभे राहून तासन्‌तास भांडत, चुकलं की तळहाताने पुसत आणि पुन्हा मांडत. कंपनीचा पहिला मोठा बेत माझ्याच अंगावर आखला गेला. "हा फळा नसता तर आपलं काही खरं नव्हतं," असं साहेब एकदा म्हणाले होते. मीही अगदी फुगून गेलो होतो.

मग कंपनीचे दिवस पालटले. माणसं वाढली, मजले वाढले आणि मला काचेच्या भिंतींच्या एका खोलीत हलवलं. ही मुलाखतींची खोली. इंटर्न म्हणून कामाला लागू पाहणारी मुलंमुली तिथे येत. कॉलेज संपत आलेलं असतं किंवा नुकतंच संपलेलं असतं, काम शिकायची इच्छा असते आणि पुढे हीच कंपनी आपल्याला ठेवून घेईल अशी आशा असते. त्यांचे घामेजलेले तळवे माझ्यावर टेकत. कुणी पहिली ओळ इतकी वर लिहायचं की टाचा उंचावून उंचावून पाय भरून यायचे. माझ्या पट्टीवरचे मार्कर बहुतेक वेळा वाळलेले असत. संपलेला मार्कर कचऱ्यात टाकायचा, हे त्या एवढ्या हुशार माणसांना कधी जमलं नाही. पोरं लिहायला जात, काही उमटत नसे, आणि माफी पोरंच मागत.

आता तिथली एक पद्धत सांगतो, कारण सगळं त्या पद्धतीतूनच झालं. कंपनीचं जे काम अडलेलं असेल, तेच साहेब मुलाखतीत प्रश्न म्हणून घालत. "नमुन्याचा प्रश्न आहे हो, ताण घेऊ नका," असं हसून म्हणत. पोरं जीव तोडून उत्तर मांडत. ती बाहेर गेली की साहेब खिशातून फोन काढत आणि माझा फोटो घेत. लख्ख उजेड पडे. मग मला पुसत आणि पुढच्याला आत बोलावत. कुणाच्या मांडणीतून काही हाती लागलं तर ते कंपनीचं झालं. मांडणाऱ्याला निवडलं काय आणि न निवडलं काय, सारखंच. पहिल्यांदा मला ते कळलंच नाही. कळलं तेव्हापासून तो उजेड पडला की मला नकोसं होई.

त्या वर्षी अडलेलं काम असं होतं. घरपोच औषधं देणारी एक मोठी कंपनी साहेबांची गिऱ्हाईक होती. एका गाडीत अनेक घरांची औषधं. त्यातली काही बर्फाच्या पेटीतली, वेळेत पोचली नाहीत तर वाया जाणारी. गाडीने कोणत्या क्रमाने जावं, हे संगणकाने ठरवायचं होतं. साहेबांची माणसं सगळ्यात जवळचा रस्ता शोधत बसली होती आणि औषधं वाया जायची थांबत नव्हती.

तेव्हा दोन बहिणी मुलाखतीला आल्या. बाहेर बसायला जागा नव्हती म्हणून दोघींना थोडा वेळ माझ्याच खोलीत बसवलं होतं. आई आजारी पडली तेव्हा थोरलीने शिक्षण मध्येच सोडलं होतं आणि नंतर घर सांभाळत पुरं केलं होतं. त्यामुळे दोघी एकाच वेळी नोकरी शोधत होत्या. धाकटीला जे काही येत होतं, ते थोरलीने शिकवलं होतं. घरातल्या लोखंडी कपाटाच्या दारावर मार्करने लिहून शिकवलं होतं. एक कपाट माझं काम करतं, हे ऐकून मला मौज वाटली.

धाकटीची कॉलर सारखी करत थोरली म्हणाली, "घाबरू नकोस गं. कपाटासमोर उभी आहेस असं समज."

"ताई, तुझं होईल. माझंच काही खरं नाही."

"गप्प बैस. दोघींचं होणार आहे."

साहेब आले, धाकटीला बाहेर थांबायला सांगितलं आणि थोरलीची मुलाखत आधी घेतली. तिने प्रश्न ऐकला आणि ती शांतपणे लिहायला लागली. घर म्हणून ती एक चौकोन काढी, वर त्रिकोणी छप्पर आणि दाराच्या जागी एक ठिपका. रस्त्याला तिने हातच लावला नाही. कोणतं औषध किती वेळ टिकतं, ते तिने आधी मांडलं. जे लवकर बिघडणार ते पुढे. मग वाटेवरची बाकीची घरं मधे मधे बसवायची, पण मागच्या कुणाला उशीर होणार नाही अशा बेताने. आणि सगळ्यात शेवटी, माझ्या खालच्या कोपऱ्यात, उशीर व्हायला लागला तर काय करायचं ते. मित्रांनो, मी हजारो मांडण्या अंगावर वागवल्या आहेत. इतकी साधी आणि इतकी पक्की मांडणी दुसरी आठवत नाही.

साहेब मधेच फोनमध्ये बघत होते. मान वर करून म्हणाले, "यात रस्ता कुठेय?"

"रस्ता नंतर येतो, सर. आधी औषध किती वेळ..."

"प्रश्न रस्त्याचा होता."

तिने मार्करला टोपण लावलं. "चुकलं का, सर?"

"चुकलंच ना. प्रश्नच कळला नाही तुम्हाला. असो, कळवू आम्ही."

तिने "सॉरी, सर" म्हटलं आणि डस्टर उचलून स्वतःच पुसायला निघाली. "राहू द्या," साहेब म्हणाले. ती बाहेर गेली, सवयीप्रमाणे फोटो निघाला, मी पुसला गेलो. मग धाकटी आत आली. तिने चारचौघांसारखं उत्तर मांडलं, पण सुबक अक्षरात आणि हसतमुखाने बोलत. तिला निवडलं. थोरलीला नाही.

काही दिवसांनी काका ते फोटो बघायला माझ्याच खोलीत बसले होते. एका फोटोपाशी ते थबकले. मोठा करून पाहिला, उठून उभे राहिले आणि साहेबांना हाक मारली.

"अहो, हे कुणी केलं? हेच तर आपल्याला हवं होतं."

साहेबांनी नीट पाहिलं. या वेळी त्यांना कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. "एका मुलीचं आहे. घेतलं नाही आपण तिला," ते म्हणाले. काका म्हणाले, "तिला परत बोलवा." पण भरतीचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या की तसं करता येत नाही. एकदा नापास ठरलेल्याला वर्षभर घ्यायचं नाही असा नियम आहे, वर्ष झालं की तिने हवा तर पुन्हा अर्ज करावा.

"मग निदान तिला कळवा तरी, की बरोबर होतं म्हणून," काका म्हणाले.

"उत्तर मिळालंय ना आपल्याला?" साहेब म्हणाले. "मग आता कशाला उगाच?"

स्वतः टेबलावर चढून मला तिरका लावणारे ते हेच साहेब. मला फार वाईट वाटलं. काकांनी मान खाली घातली आणि विषय तिथेच संपला. मी मात्र मनाशी एक धरून बसलो. वर्ष भरेल, थोरली पुन्हा अर्ज करेल, पुन्हा माझ्यासमोर उभी राहील. तोवर तिने स्वतःला मोडीत काढलं नाही म्हणजे झालं.

जागा पुरेना म्हणून त्या वर्षीचे इंटर्न माझ्याच खोलीत बसवले. इंटर्नचं काम म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. दुसऱ्याने लिहिलेलं वाचत बसायचं. एखादं बटण निळ्याचं हिरवं करायचं. काही अडलं तर मोठ्यांपैकी कुणाला वेळ मिळेल याची वाट बघत दाराकडे डोळे लावायचे, आणि तो आला की प्रश्न विचारण्याआधी "सॉरी, एक छोटंसंच होतं" म्हणायचं. शेवटी त्यांच्यातल्या एकालाच कायम ठेवणार होते. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे एकमेकांशी बोलताना ती पोरं फार गोड बोलत.

साहेबांनी धाकटीला एक फोटो दिला. "ह्याच्यावरून कोड लिही."

तिने पडद्यावर फोटो उघडला आणि तिचा हात माऊसवरच राहिला. छपराची घरं, दारातले ठिपके. आपल्या ताईचं अक्षर कोण ओळखणार नाही?

"सर, हे कुणाचं आहे?"

"मुलाखतीतलं आहे कुणाचं तरी. कोपऱ्यात उजेड पडल्यामुळे शेवटचं दिसत नाही, ते तू बघ. हे जमलं तर तुझं काम झालंच म्हणून समज."

ती "हो, सर" म्हणाली. संध्याकाळी घरी जाऊन ताईला सांगणार, असं तिच्या मनात असावं. कारण जाताना ती घाईघाईने निघाली, चेहरा फुललेला होता. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तो चेहरा नव्हता. नंतर फोनवरच्या बोलण्यातून मला कळलं की थोरलीने त्याच दिवशी शिवणाच्या दुकानात काम धरलं होतं. दोघींपैकी एकीचं नक्की होईपर्यंत घर चालायला हवं, आणि जिचं होण्यासारखं आहे तिने नेट लावावा, असं थोरलीचं म्हणणं. धाकटीने तोंड उघडलं असतं तर ताई साहेबांना जाब विचारायला आली असती आणि धाकटीच्या हातातलं काम जाण्याची भीती होती. म्हणून ती गप्प बसली. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिली.

कोड होत आला, पण शेवट येईना. फोटोचा तो कोपरा नुसता पांढरा होता. औषधांना उशीर व्हायला लागला की प्रोग्रॅम गोंधळून थांबायचा. तिने डोकं फोडून पाहिलं, काकांनीही पाहिलं. एका दुपारी बाकीचे इंटर्न चहाला गेले तेव्हा तिने दार लोटलं, फोन माझ्या पट्टीवर ठेवला, स्पीकर चालू केला आणि मार्कर हातात घेतला.

पलीकडून शिलाईच्या यंत्रांची घरघर ऐकू आली. "काय गं? जेवलीस का?"

"जेवले. ताई, एक विचारू? तुझ्या मुलाखतीतला तो औषधांचा प्रश्न होता ना..."

"हो. त्याचं काय?"

"त्यात उशीर व्हायला लागला तर काय करायचं म्हणाली होतीस तू?"

थोरली हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. "अगं, ज्यात मी नापास झाले ते मला काय विचारतेस? चुकीचं काहीतरी सांगेन आणि तुझंही बिघडेल."

धाकटीने ओठ दाबून धरले. मी वाट बघत होतो. तुझं बरोबर होतं ताई, एवढं एकच वाक्य. त्याला हिंमत तरी किती लागते?

"सांग ना गं," ती म्हणाली. "चुकीचं तर चुकीचं."

"बरं. मी असं लिहिलं होतं बघ. उशीर होतोय असं दिसलं की सगळ्यात पुढचं किंवा सगळ्यात मागचं घर काढायचं नाही. आतापर्यंत घेतलेल्यांतलं जे सगळ्यात जास्त वेळ खातंय ते उचलायचं आणि दुसऱ्या गाडीला द्यायचं. एक काढलं की बाकी सगळी वेळेत बसतात. निदान मला तरी तसं वाटलं होतं. तू मात्र हे कुणाला सांगू नकोस, हसतील."

धाकटीने ते माझ्यावर उतरवून घेतलं. यंत्रांच्या घरघरीतून कुणीतरी थोरलीला ओरडलं आणि फोन बंद झाला.

प्रोग्रॅम चालला. गिऱ्हाईक कंपनीची माणसं बघायला आली, औषधं वाया जाणं थांबलं होतं. धाकटीने फोटोतली मांडणी शेवटच्या पायरीसकट माझ्यावर काढून ठेवली होती, आणि माझ्यासमोर सगळे जमले. साहेब म्हणाले, "आमच्या इंटर्नचं काम आहे हे," आणि टाळ्या पडल्या. काकांनी तेवढं विचारलं, "शेवटची पायरी कशी सुचली गं तुला?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "घरी विचार करताना सुचली."

काकांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग तेही पाहुण्यांकडे वळले. त्यांनाही नोकरी होती आणि तीही साहेबांच्याच हाताखाली. धाकटी कायम झाली. माझ्यावरच्या त्या मांडणीभोवती कुणीतरी लाल चौकट काढून "पुसू नका" असं लिहिलं.

आता शेवटचं सांगतो. वर्ष सरत आलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी धाकटी काही सामान घ्यायला ऑफिसात आली आणि थोरली तिच्याबरोबर होती. तिला बहिणीची जागा बघायची होती. थोरली खूप वाळली होती. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. तिने धाकटीच्या खुर्चीवरून हात फिरवला, तिचा संगणक पाहिला, "छान आहे गं," म्हणाली आणि मग तिची नजर माझ्याकडे वळली.

ती जवळ आली. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचत गेली. धाकटी मागे खिळल्यासारखी उभी होती.

"हे तर मी लिहिलं होतं तसंच आहे," थोरली म्हणाली.

धाकटीने टेबलावरचं सामान पिशवीत भरायला घेतलं.

"अगं, त्या मॅडमनी मला मेल पाठवलाय. वर्ष होत आलं, हवा तर पुन्हा अर्ज करा म्हणून. मी करणारच होते. पण आधी तुला एक विचारायचं होतं, कधीपासून मनात आहे." तिचं बोट माझ्यावर टेकलं. "माझं नेमकं कुठे चुकलं होतं?"

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! खोलीत दुसरं कुणी नव्हतं. साहेब नव्हते, टाळ्या वाजवणारे नव्हते. दोघी बहिणी होत्या आणि मी. धाकटी पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती खरं सांगेल असं मला अगदी शेवटपर्यंत वाटत होतं. ताई परत इथे आली, साहेबांसमोर तिने हीच घरं पुन्हा काढली, तर सगळं उघडं पडणार, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तिने बोट उचललं आणि खालच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या पायरीवर ठेवलं. "इथे, ताई. हे तू जरा वेगळं लिहिलं होतंस. मी ते दुरुस्त केलं."

थोरलीने ती ओळ पुन्हा वाचली. शब्द न्‌ शब्द तिचा होता. पण तिने स्वतःवर विश्वास ठेवला नाही, बहिणीवर ठेवला.

"हो का?" ती म्हणाली. "बरं झालं कळलं. मला उगाच वाटत राहायचं, की माझं बरोबर होतं." मग तिने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. "हुशार आहेस गं तू. मी नाही करत आता अर्ज. चल, आई वाट बघत असेल."

दोघी गेल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी धाकटी एकटी आली आणि चौकटीसकट मला पुसून टाकलं. का पुसलं, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढे त्या खोलीत मोठा पडदा आला आणि मला इथे आणून टेकवलं. धाकटी अजून कंपनीत आहे, मोठ्या पदावर. हल्ली मुलाखती तीच घेते, असं जिना झाडणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मला धूळ बसली काय आणि गंज चढला काय. पण तुमच्यासमोर उभं राहून कुणी काही मांडलं, तर ते मान वर करून बघा. बरोबर असेल तर बरोबर म्हणा, त्याच्या तोंडावर म्हणा आणि त्याच दिवशी म्हणा. थोरली आत्ता या वेळी दुकानात काजं शिवत बसली असेल, आणि कुणी विचारलंच तर सांगत असेल की मला ते जमण्यासारखं नव्हतं.